देवीचा मासा आणि दोन फुटांची टाकी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची टाकी आहे आणि सध्या माझ्या पोटात कांदे आहेत. हसू नका. एके काळी याच पोटात हिरवंगार रान होतं आणि पोलादपूरच्या आमच्या आळीतल्या बायका मला बघायच्या निमित्ताने चहाला यायच्या. पण रूपाच्या गोष्टी सांगायला मी बसलेली नाही. माझ्यात एकदा नको तो मासा आला, त्याची ही गोष्ट आहे. त्यात एका म्हाताऱ्या माणसाचा जन्मभराचा मान गेला. आणि दुसऱ्या एकाचं जे गेलं ते त्याला कुणालाच परत देता आलं नाही.

माझा जन्म महाडचा. तिथे बाजारपेठेतल्या एका गल्लीत अनिल नावाचा माणूस शोभेचे मासे विकायचा आणि टाक्या स्वतःच्या हाताने बांधायचा. काच कापायची, कडा घासायच्या, सांध्यात सिलिकॉन भरायचं आणि ते सुकेपर्यंत कुणाला जवळ फिरकू द्यायचं नाही, अशी त्याची रीत. मी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच झाले. मी अनिलला इतकी आवडले, की त्याने मला विकलंच नाही, दुकानात दाखवायला मांडून ठेवलं. तळाला धुतलेली वाळू, दगडाला दोऱ्याने बांधलेलं शेवाळ, मागच्या बाजूला फितीसारखं लांब पाणगवत, आणि त्यातून हिंडणारे बोटाच्या पेराएवढे निऑन टेट्रा. गिऱ्हाईक यायचं, माझ्यावर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, "अशीच टाकी द्या. आणि त्यात तो मोठा पांढरा मासा टाका, तो काळा टाका, आणि ते कासव पण."

अनिल हात जोडायचा. "साहेब, टाकी म्हणजे एसटी नव्हे, उभ्यानेसुद्धा भरायला. आधी झाडं लावा. त्यांनी मूळ धरलं की मग मासे. आणि मासा घेताना तो आज केवढा आहे हे बघू नका, उद्या केवढा होणार ते विचारा."

लोक मान डोलवायचे आणि जाताना मोठा मासाच घेऊन जायचे. माणसाला डोळ्यापुढचं दिसतं, पुढचं दिसत नाही, हे मी त्या दुकानात शिकले.

मग पुराचं वर्ष आलं. महाडकरांना पूर नवा नाही, पण त्या वर्षी पाणी दुकानाच्या माळ्याला लागलं. झाडं गेली, मासे गेले, मी गाळात गाडली गेले. पाणी ओसरल्यावर आसपासच्या गावांतून माणसं घमेली-फावडी घेऊन गाळ उपसायला आली. त्यात पोलादपूरचा किशोर होता. त्याच्या फावड्याला मी लागले आणि आश्चर्य म्हणजे अख्खी निघाले. अनिलने तेव्हा दुकान सोडायचं ठरवलं होतं. तो किशोरला म्हणाला, "भाऊ, तुला द्यायला माझ्याकडे दुसरं काही उरलं नाही. ही घेऊन जा." किशोरने मला टेम्पोत मांडीवर घेतलं आणि मी पोलादपूरला आले.

किशोर मुंबईला गाडी चालवतो. महिन्या-दीड महिन्याने घरी येतो. एसटी स्टँडच्या मागे दोन खोल्यांत त्याची बायको दर्शना आणि लेक दिशा राहतात. दर्शनाने मला घासून पुसून लख्ख केलं आणि अनिलला फोन लावून एकेक गोष्ट विचारून घेतली. सावित्री नदीची वाळू आणली, ती पाच-सहा पाण्यांनी धुतली, झाडं लावली, हवेचा पंप बसवला. मासे मात्र आणले नाहीत. "झाडांनी जीव धरू दे आधी," ती दिशाला सांगायची. दिशा रोज शाळेतून आली की विचारायची, "धरला का जीव?"

झाडांनी जीव धरला आणि तेवढ्यात किशोर सुट्टीवर आला. लेकीसाठी त्याने मुंबईहून दोन गोल्डफिश आणले होते, चांगले मुठीएवढे, पिशवीत मावत नव्हते. दर्शनाचा चेहरा उतरला. "अहो, मला विचारायचं तरी. छोट्या टाकीत हे चालत नाहीत." किशोर म्हणाला, "अगं, एकदम फर्स्ट क्लास पीस आहेत. दिशाला बघ कसे आवडले." दोन्ही राजेश्रींनी आठवडाभरात माझं सगळं रान उपटलं. पाणी गढूळ झालं, कुबट वास यायला लागला. नाकापेक्षा मोती जड झाला की नाकाचं काय होतं ते मी भोगलं. पुढे एकामागोमाग दोघेही उलटे तरंगले. दिशा त्या दिवशी जेवली नाही. दर्शनाने पुन्हा सगळी झाडं लावली आणि सांगून टाकलं, "आता मासे मी निवडणार. उशीर झाला तरी चालेल."

आणि याच सुमाराला चांगूआबा आमच्याकडे राहायला आले. आबा म्हणजे किशोरचे वडील. आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागून मध्येच आत वळलं की डोंगरावर त्यांची वाडी आहे. त्या पावसात त्यांच्या घराच्या मागची दरड घसरली आणि भिंत पडली. आबांची बायको कधीच गेलेली. म्हातारा माणूस एकटा कुठे ठेवायचा म्हणून किशोरने त्यांना खाली आणलं. ज्याने जन्मभर गुरं राखली, खाचरात भात लावला, त्याला दोन खोल्यांत काय करमणार? ते सकाळपासून माझ्यासमोर पाट टाकून बसायचे आणि रिकाम्या पाण्याकडे बघायचे.

"मासं इकत आनतात काय गो कधी?" ते सुनेला म्हणायचे. "आमच्या खाचरात पावसाचं टोपलीभर येतात."

दिशाला मांडीवर घेऊन ते वाडीच्या गोष्टी सांगायचे आणि मी ऐकायचे. वाडीखाली नदीला एक कोंड आहे. कोंड म्हणजे खोल डोह. उन्हाळ्यात सगळी नदी आटली तरी त्याचं पाणी हटत नाही. त्या कोंडीत मोठमोठे सोनेरी खवल्यांचे मासे आहेत. ते देवीचे. त्यांना कुणी गळ लावायचा नाही, जाळं टाकायचं नाही, खायची तर गोष्टच सोडा. शिमग्याला देवीची पालखी घरोघर निघते, त्याआधी पहिला भात या माशांना घालायचा, आणि तो घालायचा मान आबांच्या घराण्याचा. कोंडीची राखणही त्यांचीच. आबांनी राखलं म्हणून मासे राहिले, हे खरं होतं. आजूबाजूच्या नद्यांत पोरं पावडर टाकून, नाही नाही ते करून मासे मारतात. आबांच्या कोंडीकडे कुणाची बघायची टाप नव्हती.

"देवीचा मासा कोंड कधी सोडत नाय," आबा दिशाला सांगायचे. "कितीबी पूर येऊ दे. तो तितंच ऱ्हातो."

आणि मग श्रीपतची गोष्ट यायची. आदल्या वर्षीच्या पावसात वाडीतला श्रीपत टोपलीत एक सोनेरी मासा घेऊन जाताना आबांना दिसला. श्रीपत म्हणाला, माझ्या खाचरात पाण्याबरोबर वर आला, मी कोंडीत पायसुद्धा घातला नाही. आबांनी ऐकून घेतलं नाही. देवीचा मासा कोंड सोडत नाही, मग खाचरात येईल कसा? म्हणजे श्रीपत चोरही आणि वर खोटारडाही. गावकी बसली. ठरलं, की पुढच्या शिमग्याला श्रीपतने पालखीला खांदा द्यायचा नाही आणि पालखी त्याच्या दारात थांबायची नाही. ही गोष्ट आबा छाती काढून सांगायचे. दिशाला ती फारशी आवडत नसे. ती विचारायची, "पण तो खरं बोलत असेल तर?" आबा म्हणायचे, "नाय गो बाय, खरं कसं असंल?"

गणपतीला आबा वाडीवर गेले आणि परत येताना पाण्याच्या कॅनमध्ये चार पिल्लं घेऊन आले. दिशासाठी स्वतःच्या खाचरातून ओंजळीने धरलेली. मित्रांनो, दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. दर्शनाने आधी तेच विचारलं जे विचारायला हवं होतं. "आबा, हे मोठे केवढे होतात?"

"केवढं व्हनार? खाचरातली दांडवनं ती. बोटायेवढी ऱ्हातात."

दांडवण म्हणजे ओढ्याखाचरातला सडपातळ, रुपेरी, लहानसा मासा. माझ्यासारखीला अगदी शोभेल असा. आबांना माशांतलं कळत नव्हतं असं नाही. पण देवीचा मासा कोंड सोडत नाही, मग खाचरातलं पिल्लू देवीचं असूच शकत नाही. एवढा विचारसुद्धा त्यांच्या मनात आला नसेल. दर्शनाचं समाधान झालं आणि चौघे माझ्या पाण्यात शिरले.

ते दिवस माझे सगळ्यात सुखाचे. झाडं वाढली होती, पाणी नितळ होतं, चार इवले जीव एकत्र हिंडायचे. दिशा काचेला नाक लावायची, आबा तिच्या मागे बसायचे. शेजारच्या बायका म्हणायच्या, "दर्शना, टाकी बघितली की कसं गार वाटतं गो." दिवाळीपर्यंत सगळं असंच होतं. मग चौघांतले तिघे होते तेवढेच राहिले आणि चौथा वाढायला लागला.

आधी सगळ्यांना कौतुक वाटलं. दिशाने त्याचं नाव राजा ठेवलं. राजा तिघांचं खाणं खायचा, मग पाणगवताचे कोवळे शेंडे खायचा. संक्रांत झाली तसा तो दर्शनाच्या पंजाएवढा झाला. एका दुपारी उन्हाची तिरीप माझ्या काचेतून आत आली आणि राजा तिच्यात येऊन वळला. त्याच्या अंगावरचा एकेक खवला सोन्यासारखा चमकला. तोंडाशी दोन्ही बाजूंना बारीक मिशा दिसल्या. आबा पाटावर बसले होते. त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. जन्मभर ज्या माशांना भात घातला तो मासा ते ओळखणार नाहीत तर कोण ओळखणार?

संध्याकाळी त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या तोंडावर टाकला. दर्शनाने विचारलं तर म्हणाले, "ऊन लागतं माशांना." त्या कोपऱ्यात ऊन दिवसातून घटकाभर येतं, पण सासऱ्याला कोण बोलणार? तेव्हापासून तो टॉवेल माझ्यावरच राहिला. दर्शना स्वयंपाकात असली की आबा तो हळूच उचलायचे, ताटातला पहिला घास भाताचा राजाला घालायचे आणि हात जोडायचे. मला नमस्कार करून घ्यायची सवय नाही. मला ते बघवत नसे.

राजाला मी पुरेनाशी झाले. या काचेपासून निघायचा, दोन फुटांवर दुसऱ्या काचेला पोचायचा आणि वळायचा. पुन्हा तेच. दिवसभर तेच. वळताना नाक काचेला घासून घासून लाल झालं, मग तिथली कातडी गेली. अनिलने मला एवढ्या जिवाला बांधलं नव्हतं. मी काय करणार? मला काही सरकता येत नाही.

शेवटी दर्शनाने टॉवेल काढलाच. नाक बघून ती घाबरली आणि फोटो काढून अनिलला पाठवला. अनिलचा लगेच फोन आला. "वहिनी, हा टाकीतला मासा नाही. हा हातभर वाढणारा आहे. एरवी मी सांगतो, बाजारातला मासा नदीत कधी सोडू नका. पण हा तुमच्याच पाण्यातला आहे. जिथून आणला तिथेच सोडा, आणि लवकर."

दर्शना आबांसमोर बसली. "आबा, हा कुठला मासा आहे?"

आबांनी पाट माझ्यापासून मागे सरकवला. मग म्हणाले, "देवीचा हाय. माज्या खाचरात गावला."

दर्शना पण त्याच वाडीची सून. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. तिने तेच सुचवलं जे कुणीही सुचवलं असतं. "आपण खाली सावित्रीत सोडू या का? पुलाखाली कुणी नसतं. कुणाला कळणार आहे?"

आबा उठले. बादलीत माझं पाणी घेतलं, राजाला अलगद धरून त्यात सोडलं आणि दारापर्यंत गेले. मी बघत होते. त्यांचा हात कडीवर होता. मग ते तसेच मागे आले आणि राजाला पुन्हा माझ्यात सोडलं.

"मासा सुटंल गो," ते म्हणाले. "श्रीपत नाय सुटनार."

आणि मग त्यांनी ते सांगितलं जे दिशाच्या गोष्टीत कधी आलं नव्हतं. श्रीपतचं लग्न राहून गेलेलं. घरात तो आणि त्याची म्हातारी आई मंजुळा. गेल्या शिमग्याला पालखी त्यांच्या दारावरून गेली तेव्हा मंजुळाबाई देवीची ओटी भरायला खण-नारळ घेऊन अंगणात उभी होती. तिला वाटलं, लेकाला शिक्षा झाली असेल, पण देवी काही आपलं दार चुकवायची नाही. पालखीच्या पुढे आबाच होते. ती म्हणाली, "चांगूभावजी, घटकाभर टेकवा." आबा पुढे निघून गेले. पालखी पार शेवटच्या घरापर्यंत जाऊन आली तरी ती उभीच होती. आषाढात ती वारली.

"मी तिच्या दिवसालाबी गेलो नाय," आबा म्हणाले. "म्हटलं, चोराच्या घरी कशाला जायाचं."

दर्शना रडली. आबा रडले नाहीत. मला वाटतं, त्यांनी रडायला हवं होतं.

आता अडचण अशी, की शिमगा तोंडावर आला होता आणि वाडीवर जायला पिकअप एकच, ती श्रीपतची. एसटी फाट्यापर्यंतच जाते, पुढे चढ. अनिलने सांगितलं होतं, की जखमी मासा नव्या पाण्यात टाकून हलवू नका, त्याच्याच पाण्यातून न्या. म्हणजे मलाच उचलून न्यायला हवं होतं. दर्शना म्हणाली, "दुसऱ्या कुणाची गाडी बघू का?" आबा म्हणाले, "नको. त्यालाच बोलव."

श्रीपत आला तो दारातच उभा राहिला. आबांच्या घरात पाय ठेवायची त्याची इच्छा नव्हती हे मला दिसत होतं. उंच, काळासावळा, कमी बोलणारा माणूस. आबांनी माझ्यावरचा टॉवेल काढला. श्रीपतने राजाकडे बघितलं. राजा या टोकाहून त्या टोकाला गेला, वळला, परत आला.

"खाचरात गावला?" श्रीपतने विचारलं.

"खाचरात."

"तुमच्या?"

"माज्या."

श्रीपत पुढे झाला, माझ्या एका बाजूला हात घातला आणि म्हणाला, "उचला."

माझं पाणी तिसऱ्या हिश्शापर्यंत काढलं होतं. पिकअपमध्ये पेंढा पसरून मला ठेवलं आणि आबा मला मिठी मारून बसले. तीन दांडवणी आणि राजा, चौघेही भेदरून तळाला चिकटले होते. रस्ताभर श्रीपत वळणावळणाला गाडी अगदी हळू करत होता. पुढे दर्शना आणि दिशा त्याच्या शेजारी बसल्या होत्या. मागे आबा पुटपुटत होते, पण ते देवीशी बोलत होते की मंजुळाबाईशी, ते मला कळलं नाही.

कोंडीवर सगळी वाडी जमलेली होती. ढोल वाजत होता, मुंबईची माणसं सणाला आलेली होती, भाताचं पातेलं तयार होतं. सगळे आबांचीच वाट बघत होते. आबांनी आणि श्रीपतने काठावरच्या खडकावर मला ठेवलं आणि ढोल थांबला. आबांनी हात जोडले आणि जसं घडलं तसं सांगितलं. पिल्लू कुठे धरलं, कधी ओळखलं, टॉवेल कशाला टाकला, सगळं.

गावकीतले वडीलधारे भागोजी पुढे आले. त्यांचा आणि आबांचा लहानपणापासूनचा जिव्हाळा. ते हलक्या आवाजात म्हणाले, "चांगू, चुकून झालं. मासा सोड आनि गप ऱ्हा. पोरांसमोर कशाला?"

"श्रीपतचंबी चुकूनच झालेलं," आबा म्हणाले. "तवा त्याला कोन म्हटला नाय, गप ऱ्हा."

"अरे, पन उद्या परत्येक जन मासा धरंल आनि म्हनंल खाचरात गावला. मंग कोंड कशी राखशील?"

हे मात्र भागोजींचं खरं होतं. देवीचा मासा कोंड सोडत नाही, या एका समजुतीवर ती राखण उभी होती. आबांनी स्वतःच्या हाताने ती पाडली होती.

"म्हनू दे," ते म्हणाले. "खाचरात गावला तर कोंडीत आनून सोडायचा. येवढंच सांगायचं सगळ्यांना. आनि जी शिक्षा श्रीपतला, तीच मला. पालखीला मी हात लावनार नाय. भात दुसऱ्यानं घाला."

कुणीतरी म्हणालं, श्रीपतने घालावा. श्रीपतने नुसती मान हलवून नाही म्हटलं. शेवटी भागोजींनी भात घेतला.

मग आबा आणि श्रीपत दोघांनी मला उचलून पाण्याशी नेलं आणि कलतं केलं. माझं पाणी कोंडीच्या पाण्यात गेलं. तीन दांडवणी कधी पसार झाल्या ते कळलंसुद्धा नाही. राजा गेला तो मात्र दोन फूट पुढे गेला आणि वळला. पुन्हा दोन फूट, पुन्हा वळला. समोर एवढा डोह पसरलेला, खाली त्याचे सगेसोयरे फिरत होते, पण हा होता तिथेच, काठाशी, नसलेल्या काचांच्या मधे. दिशाने विचारलं, "आबा, तो पुढे का जात नाही?" आम्ही बराच वेळ बघत होतो. माणसं हळूहळू पांगली, ढोल पुन्हा सुरू झाला, आणि तो वळतच होता. मित्रांनो, त्या वेळी मी कोंडीकाठच्या खडकावर फुटले असते तरी मला वाईट वाटलं नसतं.

मला पुन्हा पिकअपमध्ये ठेवलं आणि पिकअप श्रीपतच्या अंगणात लागली. म्हणून पुढचं मी बघितलं. दिवेलागणीला पालखी आली आणि त्याच्या दारात थांबली. ढोलवाले थांबले. ओटी भरायला घरात बाईमाणूस नव्हतं. श्रीपत आत गेला आणि खण-नारळ घेऊन आला. मंजुळाबाईने गेल्या वर्षी हातात धरलेलेच. नारळातलं पाणी सुकून तो नुसता खुळखुळत होता. त्याने ते दर्शनाच्या हातात दिले. दर्शनाने ओटी भरली आणि पालखी पुढे गेली.

आबा कुंपणाच्या बाहेर उभे होते. पालखी गेल्यावर ते आत आले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी हातात घेतली. "श्रीपत, माजं चुकलं रे. माफ कर मला."

श्रीपत त्यांच्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"माज्याकडं नका मागू, काका," तो म्हणाला. "मला काय, खांदा दिला नाय तर नाय दिला. पन जिच्या दारावरनं पालखी नेलीत, ती असती तर तिला इचारलं असतं. ती मनानं मोठी व्हती. तिनं सोडलंबी असतं तुमाला. तिच्या वतीनं मी कसा सांगू?"

असं म्हणून त्याने आबांना बसायला घोंगडी टाकली आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या आणून दिला. आबांनी पाणी घेतलं आणि तांब्या मांडीवर धरून ठेवला.

आबा आता वाडीवरच असतात. पडलेली भिंत बांधून झाली. रोज कोंडीवर जातात आणि राजाला भात टाकतात. आज जिथे टाकला त्याच्या जरा पुढे उद्या टाकायचा, असं त्यांचं चालू आहे. तो अजून फार लांब गेलेला नाही, असं दर्शना फोनवर किशोरला सांगत होती. दर्शनाने माझ्यात पुन्हा झाडं लावली नाहीत. दिशाही मागत नाही.

मित्रांनो, तुम्हीही कधी माझ्यासारखी छोटी टाकी घरात आणाल. जरूर आणा. आधी झाडं लावा, त्यांना जीव धरू द्या, मग बोटाएवढेच राहणारे मासे निवडा आणि तेही थोडेच. तो केवढा होणार हे विचारा. आणि कुणी कितीही खात्रीने उत्तर दिलं तरी मासा मोठा व्हायला लागला की टाकीवर टॉवेल टाकू नका, त्याच्याकडे नीट बघा. माझं दुसरं मागणं माशांबद्दलचं नाही. कुणी साधा माणूस शपथेवर सांगत असेल, की मासा माझ्या खाचरात गावला, तर त्याला खोटा ठरवायच्या आधी पावसात एकदा त्याच्या खाचरात उतरून बघा. वाडीपासून श्रीपतचं खाचर काही फार लांब नव्हतं. मंजुळाबाई जिवंत होती तोवर कुणीच तिथे गेलं नाही.